नकार नेमका कोणी दिला?

स्वतःचा मेल सर्व्हर उभारणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हमखास भेटणारी एक ओळ आहे : ‘५५४ ५.७.१ रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’. ती दिसली की माणूस बिघाड शोधायला लागतो. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये जिथे जिथे बंदी दिसेल तिथे ती सैल करून बघतो आणि केव्हातरी मेल जातो. काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात वॉचमन कोणाला आत सोडत नाही म्हणून वॉचमनलाच रजा दिलेली असते, आणि दोन दिवसांत त्या सर्व्हरवरून अनोळखी लोकांचे हजारो मेल सुटायला लागतात. मेलच्या बहुतेक तक्रारींत यंत्र बिघडलेलं नसतंच. कोणीतरी नियमाला धरून नकार दिलेला असतो. तो कोणी दिला, संभाषणाच्या कोणत्या पायरीवर दिला आणि कशाच्या आधारावर दिला, एवढं आधी ठरवलं तर दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची निघते. ते न ठरवता केलेली दुरुस्ती ही पुढच्या दोन बिघाडांची बेगमी असते.

हा नकार मुळात नव्हता. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मेल पोचवण्याच्या नियमांचा, म्हणजे एसएमटीपीचा दस्तऐवज, आरएफसी ८२१, लिहिला तेव्हा नेटवर्कवरची यंत्रं मोजकी होती, जोडण्या तुटक होत्या, आणि दुसऱ्याचा मेल ठेवून घेऊन पुढे ढकलणं हा शेजारधर्म होता. त्यालाच रिले म्हणायचं. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल त्या काळात सर्वत्र चालायचा आणि तो कोणाचाही मेल कोणासाठीही स्वीकारायचा. नव्वदच्या दशकात जाहिरातवाल्यांना ही धर्मशाळा सापडली. मजकुराची एकच प्रत आणि हजारो पत्त्यांची यादी परक्या सर्व्हरच्या गळ्यात घालायची, पुढचं वाटपाचं काम आणि बँडविड्थचा खर्च त्याचा. शिव्याही त्यालाच. मग १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी अशा सर्व्हरच्या आयपी पत्त्यांची काळी यादी चालवायला घेतली, १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीने रिले मुळातूनच बंद करून दिला, आणि त्याच वर्षाअखेरीस वीत्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स खुला झाला. आज घरचा सर्व्हर उभारणारे बरेच जण तोच वापरतात, म्हणून पुढची उदाहरणं त्यातलीच घेतो. फेब्रुवारी १९९९ च्या आरएफसी २५०५ ने तर परक्यांचा रिले रोखता येणं ही मेल सर्व्हरची पहिली अट म्हणून लिहून ठेवली. म्हणजे ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ ही ओळ सोळा-सतरा वर्षांच्या कडू अनुभवानंतर मिळवलेली आहे. तिला बिघाड समजणं म्हणजे कुलपाला दाराचा दोष समजणं.

नकार वाचायचा तर दोन सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात ते माहीत हवं. आधी जोडणी होते. मग पाठवणारा ‘एहलो’ म्हणत आपलं नाव सांगतो. ‘मेल फ्रॉम’ म्हणत पाठवणाऱ्याचा पत्ता देतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणत ज्याला पोचवायचं त्याचा, आणि शेवटी ‘डेटा’ म्हणून खुद्द पत्र. यातले मधले दोन पत्ते पाकिटावरचे. पत्राच्या आत मायना असतो तसा मेलमध्येही ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ असा वेगळा मजकूर असतो आणि वाचणाऱ्याला दिसतो तो हाच. पाकीट आणि मायना एकमेकांशी जुळलेच पाहिजेत असं एसएमटीपी कुठेच म्हणत नाही. ही फट लक्षात ठेवावी, पुढे येणाऱ्या एसपीएफ आणि डीमार्कची सगळी भानगड तिच्यातूनच निघते. ‘आरसीपीटी टू’ ऐकल्यावर सर्व्हर मनाशी दोनच प्रश्न विचारतो : हा पत्ता माझ्या घरचा आहे का? नसेल, तर हे काम मला सांगणारा माझा माणूस आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की रिले नाकारला जातो. पोस्टफिक्समध्ये पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘मायडेस्टिनेशन’, ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’, ‘रिले डोमेन्स’ अशा याद्यांत असतं आणि दुसऱ्याचं ‘मायनेटवर्क्स’मध्ये किंवा लॉगिन-पासवर्डात.

या दोन प्रश्नांकडे वळण्याआधी एक प्राथमिक गोष्ट. नकार आपण दिला की समोरच्याने? बाउन्स होऊन आलेला मेल बघून हे कळेलच असं नाही, कारण नकार दुसऱ्याचा असला तरी ‘मेलर-डीमन’च्या नावाने तो कळवण्याचं काम आपलाच सर्व्हर करतो. निरोप आणणाऱ्यालाच गुन्हेगार समजण्याची चूक इथे भल्याभल्यांची होते. लॉग मात्र स्वच्छ बोलतो. ओळीत ‘एसएमटीपीडी’ असेल आणि पुढे ‘नोक्यू : रिजेक्ट’ असेल, तर दारात आलेल्याला आपण परत पाठवलं. ‘एसएमटीपी’ असेल, शेवटच्या ‘डी’शिवाय, आणि कंसात ‘अमुक होस्ट सेड’ असं लिहून पुढे आकडा असेल, तर आपण दुसऱ्याच्या दारात गेलो होतो आणि तो असं म्हणाला. एका अक्षराचा फरक, पण त्यावर पुढचा अख्खा दिवस कोणत्या फाइलमध्ये घालवायचा ते ठरतं. आकडाही बघावा. ४ ने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. असा मेल रांगेत राहतो, आणि पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचं नाही. ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ हे शब्द ४५४ बरोबरही येऊ शकतात, कारण पोस्टफिक्सच्या नव्या आवृत्त्यांची मूळ सेटिंग परक्याला एकदम हाकलत नाही, ताटकळत ठेवते, म्हणजे मालकाची चूक असेल तर मेल हरवायच्या आत ती सुधारायला अवधी मिळतो. पायरीवरूनही कारण कळतं. जोडणीलाच नकार आला तर संशय आयपी पत्त्यावर, ‘आरसीपीटी टू’वर आला तर रिलेवर किंवा नसलेल्या मेलबॉक्सवर, ‘डेटा’नंतर आला तर मजकूर, सही किंवा डोमेनच्या कागदपत्रांवर. यात एक मेख अशी की पोस्टफिक्स आधीच्या पायरीवर ठरलेला नकारही मुद्दाम ‘आरसीपीटी टू’पर्यंत राखून ठेवतो, निदान मेल कोणासाठी होता ते लॉगमध्ये यावं म्हणून. तेव्हा नुसती पायरी बघून भागत नाही, पुढचे शब्दही वाचावे लागतात.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘घरचा पत्ता कोणता’ याकडे. इथला एक घोळ फार नेहमीचा आहे. एखाद्या संस्थेची वेबसाइट एका सर्व्हरवर आहे आणि मेल मात्र दुसरीकडे, एखाद्या मोठ्या सेवेकडे. साइटवरच्या संपर्काच्या फॉर्ममधून जाणारा मेल जगात कुठेही पोचतो, फक्त संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यांवर पोचत नाही. दुरुस्ती करणारा डोमेनचा मेल कुठे घ्यायचा ते सांगणारे एमएक्स रेकॉर्ड तपासतो, ते बरोबर असतात. स्पॅमचं फोल्डर बघतो, ते रिकामं असतं. कारण वेबसर्व्हरवरच्या पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’मध्ये संस्थेचं डोमेन लिहिलेलं असतं. इन्स्टॉल करताना विचारलेल्या प्रश्नाला कोणीतरी सहज उत्तर दिलेलं असतं. त्यामुळे तो सर्व्हर समजतो की हे पत्ते माझ्याच घरचे, आणि डीएनएसला विचारायलाही जात नाही. घरात त्या नावाचं कोणी नसलं तर ‘५५० ५.१.१ यूजर अननोन’ म्हणून परत करतो. असलं तर आणखी वाईट, कारण मग मेल कोणी कधी न उघडणाऱ्या स्थानिक मेलबॉक्समध्ये मुकाट साठत जातो आणि तक्रारच होत नाही. दुरुस्ती काय, तर यादीतून एक नाव खोडायचं. याच्या नेमकं उलट, एमएक्स आपल्या सर्व्हरकडे बोट दाखवतो पण सर्व्हरच्या कोणत्याच यादीत ते डोमेन नाही, असं असलं तर बाहेरून येणाऱ्याला ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ मिळतं, आणि आतून पाठवणाऱ्याला ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’. दोन माणसांच्या दोन वेगळ्या तक्रारी येतात आणि मूळ एकच असतं. एकच डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ दोन्हींत लिहिलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये स्पष्ट इशारा देतो. तो इशारा वाचण्याची सवय असणारे विरळा.

दुसरा प्रश्न, ‘सांगणारा माझा माणूस आहे का’, हा जास्त धोक्याचा, कारण यातली चूक तक्रार घेऊन येत नाही. ‘मायनेटवर्क्स’ म्हणजे ज्यांना पासवर्ड न विचारता सोडायचं त्या आयपी पत्त्यांची यादी. तिथे स्वतःच्या यंत्राचा १२७.०.०.१ हा पत्ता पुरतो. अडचण आली की लोक तिथे अख्खा सबनेट घालतात, आणि भाड्याच्या क्लाउड सर्व्हरच्या सबनेटमध्ये शेजारी कोण राहतं हे कोणाला ठाऊक? डॉकरच्या कंटेनरमध्ये मेल सर्व्हर चालवणाऱ्यांचा सापळा याहून बारीक आहे. कंटेनरच्या आतून दिसणारं नेटवर्क बहुधा १७२ ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांचं असतं, आणि शेजारच्या कंटेनरमधल्या वेबसाइटला मेल पाठवता यावा म्हणून ते ‘मायनेटवर्क्स’मध्ये घातलं जातं. इथवर ठीक. पण काही मांडण्यांत, विशेषतः बाहेरचा माणूस आयपीव्ही६ ने आला आणि कंटेनरकडे फक्त आयपीव्ही४ असलं तर, मधला प्रॉक्सी त्याचा खरा पत्ता पुसून स्वतःचा, म्हणजे डॉकरच्या गेटवेचा, पत्ता पुढे करतो. सर्व्हरला मग सगळं जग १७२ च्या गल्लीतून आलेलं दिसतं, म्हणजे सगळेच घरचे. नियम जिथल्या तिथे असतात, कोणी काही सैल केलेलं नसतं, तरी रिले सताड उघडा. ओळखण्याची खूण लॉगमध्येच आहे : बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडणीपुढे तोच तो खासगी पत्ता. आपल्या माणसांना ओळखण्याचा भरवशाचा मार्ग पासवर्डाचाच, आणि त्यासाठी दारही वेगळं आहे. सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवघेवीचा पोर्ट २५, तर आपल्या लोकांनी लॉगिन करून मेल सोपवायचा पोर्ट ५८७ किंवा ४६५. फोनमधून पाठवताना रिले नाकारला जात असेल तर दहापैकी आठ वेळा फोन पोर्ट २५ वर लॉगिनविना उभा असतो.

इथवरचे नकार आपल्या हातातले होते. बाहेर जाणाऱ्या मेलचं तसं नाही. लॉगमध्ये पोर्ट २५ पुढे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असं प्रत्येकच डोमेनसाठी येत असेल तर कोणी नकारच दिलेला नाही, आपण उंबऱ्याबाहेरच पडलेलो नाही. गूगल क्लाउड बाहेर जाणारा पोर्ट २५ बंदच ठेवतो, अ‍ॅमेझॉनचा क्लाउड अर्ज केल्याशिवाय सोडत नाही, आणि घरगुती इंटरनेटवरही तो पुष्कळदा बंद असतो. त्यावर कॉन्फिगरेशन कितीही घासलं तरी उपयोग नाही. इथे ‘रिलेहोस्ट’ कामाला येतो : आपला सगळा मेल ५८७ वरून एखाद्या वाटप करणाऱ्या सेवेकडे लॉगिनसकट सोपवायचा आणि पुढे तिने पोचवायचा. यावर कट्टर मंडळींचा आक्षेप असतो की मग सर्व्हर स्वतःचा कसला राहिला? मला तो फारसा पटत नाही. मेलबॉक्स, जुनी पत्रं, खाती आणि येणारा मेल आपल्याच यंत्रावर राहतो, फक्त वाटपाचं काम दुसऱ्याला दिलेलं असतं. मात्र वाटणारा बदलला की डोमेनची कागदपत्रंही बदलावी लागतात, आणि ही गोष्ट हटकून विसरली जाते.

कागदपत्रं म्हणतो ती अशी. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, मेल कुठे घ्यायचा ते सांगणारा एमएक्स, कोणत्या पत्त्यांवरून आमचा मेल निघू शकतो ते सांगणारा एसपीएफ, पत्रावरची सही पडताळायची किल्ली म्हणजे डीकेआयएम, आणि हे जुळलं नाही तर काय करावं ते सांगणारा डीमार्क. यातला पीटीआर आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये लिहून चालत नाही हे पुष्कळांना माहीत नसतं. सर्व्हरचा पत्ता २०३.०.११३.२५ असेल तर विचारणारा तो उलटा करून २५.११३.०.२०३ या नावाने शोधतो, आणि त्या उलट्या नावाची मालकी आयपी पत्ता भाड्याने देणाऱ्याकडे असते, डोमेन विकणाऱ्याकडे नाही. पीटीआरने दिलेलं नाव परत त्याच पत्त्याकडे आलं पाहिजे. एमएक्समध्ये चुका लहान आणि बोचऱ्या असतात. झोन फाइलमध्ये नावापुढचं शेवटचं टिंब लिहायचं राहिलं की ‘मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’चं ‘मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’ होतं. वेबसाइटसाठीच्या प्रॉक्सीमागे तेच नाव लपवलं की मेल प्रॉक्सीच्या दारात जाऊन थडकतो. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली टीएक्सटी रेकॉर्डच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. ती दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते, आणि काही पॅनेलं उरलेली शेपटी न सांगता कापून टाकतात. मग सही खरी असूनही खोटी ठरते. एसपीएफ एका डोमेनला एकच हवा. नवी सेवा घेतली म्हणून जुन्याशेजारी दुसरा रेकॉर्ड लिहिला की दोन्ही रद्द. शिवाय तपासताना डीएनएसला विचारण्याची मर्यादा १० आहे. चार सेवांचे ‘इन्क्लूड’ एकात एक गुंतले की ती सहज ओलांडली जाते.

सगळ्यात चकवणारी जागा मात्र पुढे आहे. एसपीएफ बघतो पाकिटावरचा ‘मेल फ्रॉम’. वाटप करणाऱ्या अनेक सेवा बाउन्स स्वतःकडे यावेत म्हणून पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहितात. मेल समोर पोचतो, तपासणीत एसपीएफ ‘पास’ दिसतो, आणि तरीही डीमार्क ‘फेल’. इथे लोक डोकं धरून बसतात. पण पास झाला तो सेवेच्या डोमेनचा एसपीएफ, आपल्या नव्हे. डीमार्क विचारतो की मायन्यातल्या ‘फ्रॉम’चं डोमेन एसपीएफने किंवा सहीने सिद्ध झालेल्या डोमेनशी जुळतं का. पाकीट सेवेचं, सहीही सेवेची आणि मायन्यात नाव आपलं, तर उत्तर ‘नाही’. त्यावर एसपीएफमध्ये भराभर ‘इन्क्लूड’ घालत बसणं व्यर्थ. आपल्या डोमेनची डीकेआयएम सही लावली की प्रश्न मिटतो. आधीचा ‘घरचा माणूस कोण’ हा प्रश्नच इथे उलट्या दिशेने येतो : या मेलसाठी ओळख दाखवणारा आणि नाव वापरणारा एकच आहे का?

एक आक्षेप वजनदार आहे. सगळं काटेकोर केलं तरी मोठ्या कंपन्या लहान सर्व्हरचा मेल स्पॅममध्ये टाकतात, नव्या आयपीला पत नसते, आधीच्या भाडेकरूची बदनामी नव्याच्या गळ्यात येते. मग हा खटाटोप कशाला? यात तथ्य आहे. पत ठरवण्याचे हिशेब बंद दाराआड होतात आणि त्यांवर दाद मागायला धड जागा नाही. पण कागदपत्रांचे नियम दाराआडचे नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० किंवा जास्त) मेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले, आणि लहानांसाठीही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि नीट पीटीआर मागितला. ही यादी उघड आहे आणि आपापल्या गटात ती सगळ्यांना सारखी लागू होते. आणि नकाराच्या ओळीत पुष्कळदा नेमकी अटही लिहिलेली असते. ‘मोठ्यांची दादागिरी’ म्हणायच्या आधी ती ओळ शेवटपर्यंत वाचलेली असावी, एवढीच अपेक्षा. मेलकाऊ किंवा मेल-इन-अ-बॉक्ससारखी तयार पॅकेजं आहेत, ती हे सगळं करतात, असंही म्हटलं जातं. बरंचसं करतात, आणि चांगलं करतात. पण पीटीआर, क्लाउडवाल्याने बंद ठेवलेला पोर्ट आणि दुसऱ्याच्या पॅनेलमध्ये राहून गेलेला जुना एसपीएफ यांना त्यांचा हात पोचत नाही, कारण त्या गोष्टी त्या यंत्रावर नाहीतच.

मराठी वाचकाला जवळचा असा एक नकार अलीकडच्या वर्षांत यायला लागला आहे. ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये खुलं झालं आणि ते मराठीसाठीही आहे. त्यावर मेल सर्व्हर उभारता येतो. पोस्टफिक्स ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, पत्त्यात देवनागरी चालते. पत्त्यातलं ‘अ‍ॅट’नंतरचं डोमेन इंग्रजी अक्षरांच्या ठरलेल्या संकेतात बदलता येतं, म्हणून डीएनएस अडत नाही. ‘अ‍ॅट’च्या आधीचं माणसाचं नाव मात्र तसं बदलता येत नाही. त्यासाठी ‘एसएमटीपीयूटीएफ८’ हा विस्तार मला येतो असं वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने ‘एहलो’च्या उत्तरात सांगावं लागतं. एकाने सांगितलं नाही की मेल परत येतो, आणि लॉगमध्ये ओळ उमटते की हा विस्तार गरजेचा होता पण समोरच्या होस्टने देऊ केला नाही. आपली यादी बरोबर, सही बरोबर, पीटीआर बरोबर. त्या ओळीत होस्टचं नाव दिलेलं असतं. मेल ‘रिलेहोस्ट’कडे सोपवत असाल तर ते नाव बहुधा त्याचंच निघतं, आणि तेवढा एक सर्व्हर तरी बदलणं आपल्या हातात असतं.